परगावी गेलेल्या गावकऱ्यांच्या वस्तीचा इतिहास कसा लिहावा

आपल्या वाडीतून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील ग्रामस्थ मंडळांनी आधी अमेरिकेतील इटालियन वस्त्यांकडे पाहावे, असे मी सुचवीन. कारण वस्ती भरण्यापासून ती रिकामी होईपर्यंतचे सगळे टप्पे तेथे एकापुढे एक पाहायला मिळतात.

सुरुवातीला देश किंवा जिल्हा न विचारता गाव विचारावे. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतील बहुतेक जण दक्षिणेकडील शेतकरी आणि मजूर होते, आणि आपण इटालियन आहोत हे त्यांतील अनेकांना अमेरिकेत आल्यावरच कळले. गावच्या चर्चची घंटा ऐकू येते तेवढाच आपला मुलूख, या वृत्तीला इटलीत ‘कांपानिलिज्मो’ म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे, तर जवळच्याच एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे लोक राहत. गिरणगावात गावकीच्या खोलीत आळीपाळीने पथारी टाकलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कोण कोणाच्या आधाराने आले, हे त्यानंतर शोधावे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करणारे केंद्र १८९२ साली सुरू झाले. तेथे आलेल्या जहाजांच्या याद्यांत प्रवासी कोणत्या नातेवाइकाकडे चालला आहे, याचीही नोंद असे. आपल्याकडे हे काम मंडळाच्या वर्गणीच्या वह्या आणि मनीऑर्डरच्या पावत्या करतील, म्हणून त्या वाळवीच्या आधी आपल्या हाती याव्यात.

वस्ती का ओसरली, या प्रश्नावर मात्र घाई करू नये. ‘मुले शिकली आणि निघून गेली’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने इटलीतून येणाऱ्यांची संख्या फार कमी केली, त्यामुळे जुन्यांच्या जागी नवे येईनात. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांना घरासाठी सवलतीची कर्जे मिळाली आणि नव्या महामार्गांमुळे उपनगरे जवळ आली. काही ठिकाणी तर लोक गेले नाहीत, त्यांना उठवले गेले: बॉस्टनचा वेस्ट एंड १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘नूतनीकरणा’च्या नावाखाली पाडला गेला, आणि शिकागोत १९६५ साली उघडलेल्या विद्यापीठाच्या संकुलासाठी इटालियन वस्तीचा मोठा भाग गेला. परळ-लालबागहून विरार, नालासोपारा किंवा दिव्याला गेलेल्या कुटुंबांबद्दल लिहितानाही १९८२ चा संप, गिरण्यांच्या जमिनी आणि घरांचे भाव हे तिन्ही धागे वेगवेगळे तपासावेत.

जागेचा पुढचा रहिवासी कोण, हेही नोंदवावे. पूर्व हार्लेमची मोठी इटालियन वस्ती पोर्तो रिकोच्या लोकांची झाली. ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टमध्ये आता चिनी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत.

दुकानाच्या पाटीवर विश्वास ठेवू नये. मॅनहॅटनच्या लिटल इटलीत १९५० साली जवळजवळ निम्मे रहिवासी इटालियन वंशाचे होते. २००० च्या जनगणनेत ते सुमारे सहा टक्के उरले. उपाहारगृहांवरचे झेंडे मात्र फडकतच राहिले. (आपल्याकडच्या ‘मालवणी’ पाट्यांचेही असेच व्हायला फार वर्षे लागणार नाहीत.)

याउलट सणाची नोंद तपशिलाने करावी. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये १९०३ पासून, नेपल्सजवळच्या नोला गावच्या प्रथेप्रमाणे, ‘जिल्यो’ नावाचा उंच मनोरा उभारला जातो आणि शंभरावर माणसे तो वाद्यवृंदासह खांद्यावर घेऊन नाचवतात. त्यांतील बरेच जण आता तेथे राहत नाहीत. त्या दिवसापुरते उपनगरांतून परततात. शिमग्याला पालखी नाचवणारा कोकणी वाचक हे चित्र लगेच ओळखेल. म्हणून येत्या शिमग्यात वही घेऊन सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, बसावे आणि पालखीला खांदा देणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री कोणत्या स्टेशनावरून गाडी धरली, आजोबा मुंबईत कोणाच्या खोलीवर उतरले होते, आणि खांदा द्यायला मुलगा सोबत आला आहे का.