‘उद्धाराचा तारा’ वाचायला घेताना

जर्मन ज्यू तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनत्स्वाइग (१८८६–१९२९) यांच्या ‘देअर श्टेर्न देअर एर्लोझुंग’ या ग्रंथाला मराठीत ‘उद्धाराचा तारा’ म्हणता येईल. १९१८च्या ऑगस्टमध्ये बाल्कन आघाडीवर सैनिक असताना त्यांनी तो लिहायला घेतला. मजकूर लष्करी पोस्टकार्डांवर लिहून ते घरी आईकडे धाडत. फेब्रुवारी १९१९मध्ये लेखन संपलं, १९२१ला पुस्तक आलं. विसाव्या शतकातल्या ज्यू तत्त्वज्ञानात याच्या तोडीचे ग्रंथ फार थोडे, पण तो पुरा वाचणारेही थोडेच. बहुतेकांचा धीर पहिल्या भागातच सुटतो.

म्हणून सरळ क्रमाने वाचू नका. ग्रंथाचे तीन भाग, प्रत्येकात एक प्रस्तावना आणि तीन प्रकरणं. आधी पहिल्या भागाच्या प्रस्तावनेची सुरुवातीची पानं वाचा. माणसाला मरणाचं भय असतं आणि ‘सर्व एकच आहे’ म्हणणारं तत्त्वज्ञान ते भय झाकून टाकतं, हा इथला आरोप. तिथून थेट दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणावर, ‘प्रकटीकरणा’वर (देवाने माणसापुढे स्वतःला प्रकट करणं) या. ते ‘प्रेम मृत्यूसारखं बलवान’ या गीतरत्नातल्या (बायबलमधल्या प्रेमगीतांच्या पुस्तकातल्या) ओळीने उघडतं. प्रश्न आणि उत्तर असे समोरासमोर आले की मधलं सगळं कशासाठी आहे ते कळतं.

दुसऱ्या भागासाठी मराठी बायबल शेजारी हवंच. निर्मितीच्या प्रकरणाआधी उत्पत्तीचा पहिला अध्याय, प्रकटीकरणाआधी गीतरत्न, उद्धाराआधी स्तोत्र ११५, तिन्ही मोठ्याने वाचा. (गोव्यात सृष्टीची कथा १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओवीत आहे. ती जरूर वाचा, पण या कामाला मूळ अध्यायच लागतो, कारण विवेचन त्यातल्या शब्दांवर उभं आहे.) वाचताना पेन्सिलीने सर्वनामं आणि काळ अधोरेखित करा. निर्मितीत ‘तो’, भूतकाळ आणि पुन्हा पुन्हा येणारं ‘चांगले आहे’. प्रकटीकरणात ‘मी–तू’, वर्तमान आणि ‘माझ्यावर प्रेम कर’ ही आज्ञा. उद्धारात ‘आम्ही’ आणि सामुदायिक गायन. व्याकरण इथे सजावट नाही, युक्तिवादच त्यावर चालतो. हे निसटलं तर प्रकरण नुसतं भक्तिपर वाटू लागतं.

यानंतर पहिला भाग. देव A=A, जग B=A, माणूस B=B ही चिन्हं गणित समजून सोडवायला गेलात की अडकाल. कागदावर तीन चौकटी काढा, प्रत्येकीत ‘होय’, ‘नाही’, ‘आणि’ अशा तीन पायऱ्या एकेका वाक्यात लिहा आणि पुढे चला. लेखकाचाही सल्ला हाच: १९२५च्या ‘नवा विचार’ या निबंधात ते सांगतात की सीमेवरचे छोटे किल्ले वेढत बसू नका, मुख्य सैन्यावर चाल करा. भारत आणि चीनवरची पानं मात्र सावधपणे वाचा. दोन्ही परंपरा तिथे अपुऱ्या ठरवल्या आहेत, आणि उपनिषदं किंवा ज्ञानेश्वरी वाचलेल्याला ते पटणार नाही. दुसऱ्या भागातल्या इस्लामचंही तेच.

गटाने वाचायचं तर पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जमा की कुणाच्या घरी, पाच-सहा जण आणि दोन तासांना दहा-बारा पानं पुरेत. विल्यम हॅलो (१९७१) आणि बार्बरा गॅली (२००५) हे दोन्ही इंग्रजी अनुवाद गटात असू द्या. एकात वाक्य अडलं तर दुसऱ्यात बघायचं.

तिसऱ्या भागात शब्बाथ, वल्हांडण, सप्ताहांचा सण, मांडवांचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस हे ज्यू सणांचं वर्षभराचं चक्र येतं. जत्रा आणि फेस्तांवर वर्ष मोजणाऱ्या गोंयकाराला हे पटकन उमगेल. वाद पुढे आहे. रोझेनत्स्वाइग १९१३मध्ये ख्रिस्ती व्हायच्या बेतात होते, मग ज्यूच राहिले. इथे ते म्हणतात की ज्यू आधीच देवापाशी आहेत, ख्रिस्ती धर्म राष्ट्रांना तिथे नेणारी वाट आहे. या वाटेवर जबरदस्तीचं काय, हा प्रश्न १५६०पासून इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) सोसलेल्या गोव्यात विचारलाच जाणार. त्यासाठी एक बैठक वेगळी राखून ठेवा, आणि तिच्याआधी तिसऱ्या भागातली ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांवरची दोन्ही प्रकरणं पूर्ण वाचलेली असू देत.