पाहुणे उशिरा आले तरी हुरडा मऊच

हुरड्याला बोलावलेले पाहुणे सांगितल्या वेळेला कधीच येत नाहीत, अन् तोवर काढून ठेवलेल्या ज्वारीच्या कणसांचा दाणा चिवट होतो.

१. कणसं काढताना दाणा नखानं दाबून बघा. दूध उडालं तर अजून कोवळा, नखच रुतलं नाही तर हातचा गेला. मऊ दबतो तोच हुरड्याचा. गुळभेंडी, म्हणजे खास हुरड्याची ज्वारी, असली तर मग काय विचारता!

२. वीतभर दांड्यासकट कणीस घ्या. गोणपाट भिजवून घट्ट पिळा, त्यात कणसं गुंडाळून सावलीला ठेवा. पाणी निथळणारं गोणपाट नको.

३. मंडळी बसल्यावरच आगटीत, म्हणजे निखाऱ्याच्या खड्ड्यात, भाजायला घ्या. जाळावर नाही, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, अन् एका वेळी चार-पाचच कणसं. सगळी एकदम भाजायची घाई नेमकी शहरातल्या जावयालाच असते.

४. हाताला चटका बसतोय तोवरच जाड फडक्यात धरून चोळा, सुपात पाखडा. गार झालेल्या कणसाचा कोंडा सुटता सुटत नाही. सोबत तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी.

अळीसाठी नुकतीच फवारणी केलेल्या वावरातली कणसं मात्र घेऊ नका. शेजाऱ्याच्या रानातून आणणार असाल तर आधी विचारून घ्या.