टॅप होल उघडायच्या आधी: वॉटर-कूल्ड स्पाउटची तयारी

कास्ट आयर्न भट्टीतून निघतं तेव्हा साधारण 1400 ते 1500 अंशाला असतं, स्टील 1600 च्या पुढे, आणि ज्या स्पाउटवरून (पन्हळीवरून) ते वाहत लॅडलमध्ये, म्हणजे मेटल झेलणाऱ्या भांड्यात, पडतं त्यातलं तांबं वितळतं 1085 ला. म्हणजे स्पाउट जागेवर राहतो तो आतून फिरणाऱ्या पाण्याच्या जिवावर. आणि हेच पाणी लिटरभर जरी बाहेर येऊन मेटलखाली अडकलं तर त्याची 1700 लिटरच्या आसपास वाफ होते, तीही क्षणात, मग वरचं सगळं मेटल उडतं. त्यामुळे माझ्या मते टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीचं भोक (टॅप होल) उघडून मेटल बाहेर काढायच्या, आधीची सगळी तयारी दोनच गोष्टींसाठी असते, पाणी खरंच फिरतंय का आणि पाणी आतच आहे का. बाकी जे काही करायचं ते याच्यासाठीच.

सुरुवात भट्टी पेटायच्या आधी, स्पाउट बाहेर असतानाच करायची. नवीन असो की रिपेअर होऊन आलेला असो, हायड्रो टेस्ट (आत पाणी भरून दाब देऊन बघणं) केल्याशिवाय लावायचा नाही, वर्किंग प्रेशरच्या दीडपट प्रेशर द्यायचं आणि अर्धा तास तरी धरून ठेवायचं, काटा जरासुद्धा खाली यायला नको. टेस्ट चालू असताना सांधे, प्लग, वेल्डिंग कोरड्या कापडाने पुसून बघायचे कारण घाम फुटल्यासारखी बारीक गळती काट्यावर पटकन कळत नाही पण कापडाला कळते. टेस्ट हवेने करू नका, हवा दाबली जाते आणि काही फुटलं तर तुकडे अंगावर येतात. जुना स्पाउट असेल तर तोंडाची कड आणि जिथे धार आपटते तो भाग नीट बघा, तिथे तांबं झिजून पातळ झालेलं असतं, शक्य असेल तर जाडी मोजा. ऑक्सिजन लान्सने (ऑक्सिजन सोडून टोकाशी जळणाऱ्या लोखंडी नळीने) टॅप होल उघडत असाल तर लान्स वाकडा लागल्याच्या खुणा शोधा, लान्सची आग तांब्याला लागली की खड्डा पडायला वेळ लागत नाही आणि खड्ड्याच्या मागे पाणीच आहे. अशी खूण दिसली तर तो स्पाउट बाजूला ठेवा, आजची हीट (भट्टीची खेप) होऊन जाऊ दे मग बघू असं म्हणू नका.

मग बसवताना. पाणी खालून आत आणि वरून बाहेर, हे उलटं झालं तर वरच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि जिथे हवा तिथे कूलिंग नाही. पहिल्यांदा भरताना व्हॉल्व्ह हळू उघडा, हवा पूर्ण निघून जाऊ दे, आउटलेटची धार फुसफुस न करता सलग आली की मगच समजा भरला. होज साधे रबरी नकोत, निदान स्पाउटजवळचा भाग तरी स्टीलच्या जाळीचा आणि वरून उष्णता अडवणारं आवरण घातलेला पाहिजे, आणि होजची वाट अशी काढा की धारेचे शिंतोडे त्याच्यावर पडणारच नाहीत. बंद करायचा व्हॉल्व्ह स्पाउटच्या डोक्यावर ठेवू नका, लांब ठेवा, गडबड झाली तेव्हा माणसाला तिथे पोचता आलं पाहिजे. आउटलेटला शक्यतो व्हॉल्व्हच नको. असलाच तर उघडा करून कुलूप लावा कारण इनलेट आणि आउटलेट दोन्ही बंद आणि स्पाउट गरम, म्हणजे आतलं पाणी कोंडलं, वाफ झाली, जॅकेट (स्पाउटची पाण्याची पोकळी) फुटलं. याच्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतोच, पण त्याच्यावर वेळ यायलाच नको.

पाण्याच्या क्वालिटीकडे खूप लोक दुर्लक्ष करतात आणि मला ते सगळ्यात खटकतं. शुद्ध तांब्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद साध्या स्टीलच्या सात-आठ पट असते, म्हणून तर तांबं वापरायचं, पण आतून क्षारांचा पातळ थर बसला की तो थर तांब्यापेक्षा शेकडो पटीने वाईट वाहक, मग तांब्यावर केलेला सगळा खर्च वाया. म्हणून बंद सर्किट, सॉफ्ट किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी, आणि हीट एक्स्चेंजरच्या दुसऱ्या बाजूला काय कूलिंग टॉवरचं पाणी फिरवायचं ते फिरवा. इनलेटचा स्ट्रेनर (गाळणी) उघडून साफ करा, प्रत्येक मोठ्या शटडाऊननंतर तर नक्कीच, पाइपातला गंज आणि वेल्डिंगचे गोळे बरोबर स्पाउटच्या अरुंद वाटेतच जाऊन बसतात. पाण्याचा आतला वेग पण कमी नको, ड्रॉइंगवर दिला असेल तेवढा ठेवा, साधारण सेकंदाला दीड-दोन मीटरच्या खाली गेला तर गाळ बसायला लागतो आणि गरम जागी वाफेचा पापुद्रा धरायची भीती असते. तो पापुद्रा एकदा धरला की पाणी तांब्याला टेकतच नाही आणि पुढचं काम काही सेकंदांचं.

आता फ्लो. इथे मी जरा जास्त बोलणार कारण बहुतेक ठिकाणी लोक इनलेटचा प्रेशर गेज बघतात आणि समाधानाने पुढे जातात. पण पुढे कुठे लाइन चोक झाली तर गेजवर प्रेशर कमी होत नाही, उलट छान भरपूर दिसतं कारण पाणी हलतच नाहीये! म्हणून बघायचं ते आउटलेट. प्रत्येक सर्किटचा आउटलेट वेगवेगळा पाहिजे आणि बंद सर्किट असेल तर त्याच्यावर फ्लो मीटर, उघडं असेल तर धार डोळ्यांना दिसेल अशी फनेलमध्ये पडू द्या, टॅप करणाऱ्या माणसाला आपल्या जागेवरून मान वळवली की दिसली पाहिजे. दोन-तीन सर्किटचे आउटलेट एकाच पाइपात जोडून टाकले तर एक बंद पडलेला कळतच नाही, बाकीचे वाहत राहतात आणि पाइप भरलेला दिसतो. इनलेटला आणि आउटलेटला दोन्हीकडे मीटर लावता आले तर फारच चांगलं, मीटर बरोबर असतील तर दोघांतला फरक म्हणजे गळती, दुसरा अर्थच नाही. भट्टी गरम होण्याआधी दोन्ही मीटर एकच आकडा दाखवतात ना हे तपासून लिहून ठेवा, नाहीतर ऐनवेळी फरक मीटरचा की गळतीचा यावर वाद होतो.

टेम्परेचरचंही तसंच, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातला फरक बघायचा. हिशोब सोपा आहे, मिनिटाला 100 लिटर पाणी 5 अंशाने तापून बाहेर येत असेल तर ते सुमारे 35 किलोवॅट उष्णता उचलतंय. नेहमीच्या टॅपला हा आकडा किती असतो ते माहीत पाहिजे. अचानक वाढला तर अस्तर गेलंय किंवा तांब्यावर गोठून बसलेला स्लॅगचा (मेटलबरोबर येणाऱ्या मळीचा) थर सुटलाय असं समजा. तो थर मुद्दाम बसू द्यायचा असतो, तोच तांब्याचं खरं संरक्षण, म्हणून साफसफाई करताना सळईने तांबं चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका. अलार्म फ्लोवर आणि टेम्परेचरवर दोन्हीवर ठेवा आणि ते वाजतात का हे प्रत्यक्ष फ्लो कमी करून बघा, नुसतं पॅनलवरचं टेस्ट बटण दाबून नाही.

वीज गेली तर? हे आधीच ठरलेलं पाहिजे. स्टँडबाय पंप वेगळ्या सप्लायवर किंवा डिझेलवर, आणि त्याच्याही मागे उंचावरची टाकी जी काहीही चालू न करता आपोआप पाणी देईल. टाकी केवढी, तर टॅप होल बंद करायला, स्पाउटमधलं मेटल निघून जायला आणि स्पाउट निवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ पुरेल एवढी, म्हणजे 100 लिटर मिनिटाला आणि 15 मिनिटं धरली तर 1500 लिटर, वर थोडं जास्तीचं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नका, नाहीतर टाकीतलं पाणी स्पाउटकडे जायच्या ऐवजी बंद पंपातून उलटं निघून जातं. आणि ही सगळी व्यवस्था मेन पंप खरंच बंद करून एकदा चालवून बघा, थंड भट्टीवर.

आता अस्तर, म्हणजे स्पाउटमध्ये तांब्यावर लावायचं उष्णता सोसणारं मटेरियल, ठोकून बसवलेलं (रॅमिंग) किंवा ओतलेलं (कास्टेबल). साध्या स्पाउटमध्ये बर्नर लावला की अस्तर आरपार तापतं आणि ओल निघून जाते. वॉटर-कूल्डमध्ये मागची बाजू पाण्याने थंडच राहते, त्यामुळे वरून तापवलं की ओल मागे सरकते आणि तांब्याला लागून बसून राहते. वरून अस्तर खणखणीत वाळलेलं दिसतं, मागे ओलं. म्हणून बाहेर काढून वाळवता आलं तर तसंच करा, नाही जमलं तर बर्नर हळूहळू चढवा, 110-120 अंशाच्या आसपास बराच वेळ थांबा, वाफ निघायला ठेवलेली भोकं मातीने बुजलेली नाहीत ना बघा. पाणी या काळात बंद ठेवायचा मोह होतो, पण ते बनवणाऱ्याने लिहून दिलं असेल तरच आणि बर्नर मंद असेल तरच, नाहीतर पाणी चालू. घाई करायची असेल तर दुसरीकडे करा, अस्तर वाळवण्यात नको.

अजून एक गोष्ट जी सुटते ती म्हणजे दव. हवा दमट आणि पाणी थंड असलं की स्पाउटच्या उघड्या तांब्यावर थेंब जमतात, गार पाण्याच्या ग्लासावर जमतात तसेच. अशा थेंबांवर मेटल आलं की शिंतोडे उडणारच. त्यामुळे पाणी फार थंड ठेवू नका, आणि टॅप होईपर्यंत स्पाउटवर छोटी आग चालू ठेवा, आग काढायची ती शेवटच्या मिनिटाला.

स्पाउटखालचा पिट (खड्डा) पूर्ण कोरडा पाहिजे. गळती झालीच तर पाणी पिटाकडे न जाता दुसऱ्या बाजूला वाहून जाईल असा उतार द्या, लॅडल लाल होईपर्यंत तापवलेला, वाळू कोरडी, सळया आणि चमचे आगीवर धरून घेतलेले, बॉटची (टॅप होल बुजवायच्या गोळ्याची) माती तयार आणि एक नाही तर चार-पाच बॉट हाताशी, कारण पहिला नीट बसेलच असं नाही. ॲल्युमिनाइज्ड कोट, फेस शील्ड, बिनलेसचे बूट, पँट बुटाच्या वरून, आत सुती कपडे, हे सांगायची गरज नसावी. स्पाउटच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, मागे पळायची वाट रिकामी, तिथे ट्रॉली किंवा सिलिंडर लावलेला नको.

टॅप उघडायच्या आधी सगळ्यांना एकत्र उभं करून तीन गोष्टी मोठ्याने बोलून घ्या. एक, फ्लो गेला तर आधी टॅप होल बंद, बाकी नंतर. दोन, पाणी जाऊन स्पाउट कोरडा तापला असेल तर पाणी परत सोडायचं नाही, तापलेल्या तांब्यावर पाणी गेलं की आतच वाफेचा स्फोट होतो, इनलेट बंद, आउटलेट उघडा आणि आपोआप निवू द्यायचा, त्यामुळे ऑटो स्टँडबाय लगेच, म्हणजे स्पाउट तापायच्या आधीच चालू झाला पाहिजे, उशिरा चालू होणारा स्टँडबाय जास्त धोक्याचा. तीन, लॅडलमधल्या मेटलवर पाणी पडलं तर लॅडल हलवायचा नाही, वाकवायचा नाही, तिथून सगळ्यांनी लांब जायचं आणि पाणी उडून जाईपर्यंत वाट बघायची, कारण वर तरंगणारं पाणी उकळून जातं पण हलवल्यावर मेटलखाली गेलेलं पाणी सगळं मेटलच उडवतं. आउटलेट बघायला एक माणूस नेमा आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका, थांबा म्हणायचा अधिकार त्याला, आणि तो थांबा म्हणाला तर का म्हणून विचारायचं ते टॅप होल बंद झाल्यावर.

टॅप संपला की पाणी लगेच बंद करू नका, अस्तरात उष्णता बराच वेळ राहते, आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी सारख्या टेम्परेचरला आलं की मगच. त्या दिवशीचा फ्लो, टेम्परेचरचा फरक, किती टन गेलं हे वहीत लिहा आणि पुढच्या टॅपच्या आधी तीच वही उघडून आकडे जुळवून बघा.