कोपऱ्यात रुतणारा पूल क्लीनर असा सुटला

बडोद्यात गोत्रीला आमच्या सोसायटीचा छोटा स्विमिंग पूल आहे. त्याचा क्लीनर सक्शनवर चालतो: नळी स्किमरला, म्हणजे पूलच्या भिंतीतल्या पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाला जोडायची, पंपाच्या ओढीनं तो तळाशी फिरतो. महिनाभर तो पायऱ्यांजवळच्या एकाच कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि बाकी तळावर कडुनिंबाचा पाला तसाच. मुलं उतरतात तिथे, मला ते बघवत नव्हतं.

आधी पंपाची जाळी आणि फिल्टर साफ केला. ओढ वाढली, अडकणं तेच.

मग एका सकाळी काठावर बसून नुसतं बघत राहिलो. हिवाळाभर गुंडाळून ठेवल्यामुळे नळीला वेटोळी पडली होती, आणि तीच क्लीनरला दरवेळी एका बाजूला वळवत होती. तुकडे सुटे करून गच्चीवर उन्हात सरळ आडवे टाकले. मे महिन्याचं ऊन! दुपारपर्यंत मऊ पडून ते सरळ झाले. गार होईपर्यंत तसेच राहू दिले, हे महत्त्वाचं. आता नळी कधीच गुंडाळत नाही.

नळी लांबही जास्त होती. स्किमरपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोचून वर एक तुकडा, एवढी पुरते. दोन काढले.

उरला प्रश्न पाणी परत सोडणाऱ्या तोंडांचा. त्यांचा झोत नळीला कोपऱ्यात ढकलत होता. ती तोंडं खाली वळवली.

पायऱ्यांवर तो अजून चढत नाही. तिथे मी हातानं ब्रश मारतो, आणि मुलं यायच्या आत क्लीनर बाहेर काढतो.