फ्रेंच शिकायला साहित्य निवडताना

फ्रेंच सुरू करणारे बहुतेक जण आधी विचारतात, ॲप कुठलं घेऊ? मी नेहमी सांगते, ॲप कुठलंही घ्या, पण मुख्य अभ्यासासाठी असं साहित्य शोधा ज्यात आवाजही आहे आणि त्याच आवाजाचा शब्दन् शब्द लिहिलेला मजकूरही. दोन्हीपैकी एक नसेल तर निदान पहिलं वर्षभर ते बाजूला ठेवा.

फ्रेंचमध्ये लिहिलेलं आणि बोललेलं यांत फार अंतर आहे. ‘बोलणे’ या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांच्यासोबतची वर्तमानकाळातली रूपं तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी लिहितात. कानावर मात्र चारही वेळा ‘पार्ल’च पडतं. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की आधीचं मुकं अक्षर अचानक बोलू लागतं आणि ‘ले’ (les, यातला s मुका) व ‘आमी’ (amis, मित्र) मिळून ‘लेझामी’ होतं. नुसतं पुस्तक वाचून हे कानात बसत नाही.

अगदी नवख्यांनी टीव्ही फाइव्ह मोंदच्या फ्रेंच शिकवणाऱ्या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. ए१ या अगदी पहिल्या पातळीपासून छोटे व्हिडिओ आणि त्यांवरचे स्वाध्याय तिथे फुकट आहेत. त्यापुढची ए२ पातळी हातात आली की आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र घ्या. साधारण दहा मिनिटांचं असतं, सोबत पूर्ण मजकूर मिळतो. मला याहून उपयोगी साहित्य सापडलेलं नाही, म्हणून ते कसं वापरते तेही सांगते. पूर्ण बातमीपत्र घेत नाही, एकच बातमी घेते. आधी मजकूर न बघता ऐकते. मग मजकुरावर बोट ठेवून ऐकते आणि कानातून निसटलेल्या जागी पेन्सिलीने खूण करते. त्या खुणांची वाक्यं पुन्हा लावून निवेदकाच्या बरोबरीने मोठ्याने म्हणते. तीन-चार वाक्यं आवाजासकट अंकी या उजळणीच्या ॲपमधल्या कार्डांवर जातात, सुटे शब्द नाहीत.

एखाद्या शब्दाचा उच्चार अडला तर फोर्वो या उच्चार ऐकवणाऱ्या संकेतस्थळावर ऐका, पण बोलणारा कुठल्या देशाचा ते बघून. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्युबेकचे स्वर फ्रान्सपेक्षा बरेच वेगळे लागतात. व्याकरणाचं एक पुस्तक पुरे.

आपण कुठवर आलो हे ॲपमधल्या गुणांवरून ठरवू नका. डेल्फ या फ्रेंचच्या अधिकृत परीक्षेचे नमुना पेपर फुकट मिळतात, घड्याळ लावून सोडवा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ लागतात. परीक्षा द्यायची नसली तरी चारांपैकी कुठली बाजू लंगडी आहे ते यातून लगेच कळतं, आणि पुढचं साहित्य त्या बाजूसाठी शोधता येतं.

लिहिणं आणि बोलणं तपासायला मात्र माणूसच हवा. शिक्षक परवडत नसेल तर भाषा-देवाणघेवाणीचा जोडीदार शोधा: अर्धा वेळ त्याची भाषा, अर्धा वेळ तुमची. पहिल्याच भेटीत ठरवून टाका की तुम्ही बोलत असताना त्याने मध्ये थांबवायचं नाही, चुका टिपून ठेवायच्या आणि शेवटी सांगायच्या.