ट्रोम्सो ते लाँगइयरबेन: या चुका टाळा

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या बेटांवरच्या लाँगइयरबेनला विमानाने किती वेळ लागतो, हे मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. बहुतेकांनी उत्तर आधीच काढलेलं असतं, "चार-पाच तास ना?" मोबाइलवरच्या सपाट नकाशावर बोटांनी अंतर मोजलेलं असतं.

हा नकाशा ध्रुवाकडे जाताना सगळं ताणत नेतो. मुंबईजवळ ताण नगण्य. ६० अंशांवर लांबी दुप्पट दिसते, लाँगइयरबेनच्या ७८ अंशांवर जवळजवळ पाचपट. म्हणून तिथे हे अंतर मुंबई-दिल्लीच्या पावणेतीन पट वाटतं. प्रत्यक्षात ते सुमारे ९६० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच आहे! मी पृथ्वीगोलावर दोरा धरतो. तो नसेल तर दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांतला फरक, साधारण साडेआठ अंश, गुणिले १११ (एका अक्षांशाचे किलोमीटर). रेखांशांचा फरक इथे विसरलात तरी चालेल, कारण ७८ अंशांवर एक रेखांश जेमतेम २३ किलोमीटरचा उरतो. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, तरी लोक बोटंच टेकवतात, याचा मला खरंच त्रास होतो.

अंतर भागिले ताशी ८०० करून "सव्वा तास" म्हणू नका. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं धरून दीड तासाच्या पुढेच जातं.

कुठे या अंतरासाठी ५१८ हा आकडा दिसला तर ते सागरी मैल आहेत, किलोमीटर नव्हेत. आणि दोन्हीकडे घड्याळ एकच, तास मिळवू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे "दोन्ही नॉर्वेच, मग देशांतर्गत प्रवास" असं धरून चालणं. स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर. ऑस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातूनही ट्रोम्सोला उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो. माझ्या आतेबहिणीच्या व्हिसावर एकच प्रवेश होता. एजंटाने "चालतं" म्हटलं होतं आणि घाईत आम्हीही शिक्का नीट वाचला नाही. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने शांतपणे सांगितलं, "जाता येईल, पण परत येता येणार नाही." स्वालबार्डहून परतायची वाट नॉर्वेतूनच. ती रडवेली झाली. तिला एकटी सोडून जाणं मला जमलं नाही, दोघंही ट्रोम्सोतच राहिलो. तेव्हापासून कुणीही विचारलं की अंतराआधी मी विचारतो, "व्हिसावर प्रवेश किती?" किमान दोन हवेत. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, शिक्का स्वतः वाचा.

परतीचं मुंबईचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. तिकडे धुकं किंवा वारा आला की विमान थांबतं, आणि दुसरा रस्ता नाही, मध्ये समुद्र आहे. मी ऑस्लोत एक रात्र राखून ठेवतो.