दोन राउटर, एकच आयपी आणि माझे तीन दिवस

वायफायला फुल रेंज, पण इंटरनेट कधी चालायचं कधी नाही. आधी कंपनीवाल्यांना फोन करून डोकं खाल्लं, ते म्हणाले लाइन ओके आहे, आणि खरंच फायबरच्या डब्यावर लाल लाइट वगैरे काही नव्हता. रिस्टार्ट केलं की दहा मिनिटं बरं, परत तेच.

मग आठवलं, बेडरूममध्ये रेंज मिळावी म्हणून मागच्याच आठवड्यात जुना राउटर केबल टाकून जोडलाय! दोघांचाही आयपी (नेटवर्कमधला पत्ता) १९२.१६८.१.१ आणि दोघांचंही डीएचसीपी (मोबाईल-लॅपटॉपला आपोआप पत्ते वाटायची सोय) चालू, म्हणजे दोघंही सगळ्यांना पत्ते वाटत बसलेले, आणि ज्या मोबाईलला जुन्याकडून पत्ता मिळाला त्याचं नेट गायब, कारण जुना बिचारा स्वतःलाच गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जायचा दरवाजा, समजत होता.

जुन्याची केबल काढली, लॅपटॉप थेट त्याला जोडला, आयपी १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी बंद केलं. मग मेन राउटरची केबल जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत, लावली (वॅनमध्ये, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत यायच्या खाचेत नाही हं). सगळे मोबाईल एकदा वायफायवरून काढून परत जोडले.

आता बेडरूममध्येपण मस्त चालतंय. बायको म्हणते, तो जुना डबा जोडायला सांगितलं कोणी होतं?